कड्याची पहाट

नगरहून आष्टीकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की वाटेत कडा लागते. (नगरचे अहिल्यानगर झाले खरे, पण आमच्या पिढीच्या जिभेला ते वळण अजून पडायचे आहे.) २३ सप्टेंबर २०२२ रोजी या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली, तोवर सारी भिस्त एस.टी.वर. श्रावणात मी उतरलो तो एका जुन्या विद्यार्थ्याकडे. शिकला मराठी, पोटासाठी वळला संगणकाकडे! गावातल्या एका दूध संकलन केंद्राला त्याने हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला आहे.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पहाटेच आम्ही केंद्रावर गेलो. एक बाई रिकामी किटली घेऊन उभ्या होत्या.

"दादा, काल सकाळचं साडेचार लिटर कुठं गेलं? म्या सवता घातलं हुतं."

पोराने नोंदी चाळल्या. सोमवारी बाई सहाला आल्या होत्या. मंगळवारी खुरपणीला जायचे म्हणून पाच-दहालाच आल्या. संगणकाने त्या दुधावर सोमवारचीच तारीख घातली आणि 'सकाळचे दूध आधीच जमा' म्हणून नोंद नाकारली. लवकर उठणाऱ्याचेच नुकसान!

गोम अशी. संगणक १ जानेवारी १९७०च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजत असतो. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे. कड्यात पाच-दहा झाले तेव्हा ग्रिनिचला आदल्या रात्रीचे अकरा-चाळीस! प्रोग्रामने 'आज तारीख काय?' असे विचारले, 'कुठली?' ते विचारलेच नाही. साडेपाचनंतर येणाऱ्यांना याचा पत्ताही लागला नसता.

"मग साडेपाच तास मिळवून टाक," मी म्हणालो.

"नको सर, जागेचं नाव द्यायचं. १९४२ ते १९४५, युद्धात आपली घड्याळं एक तास पुढे होती. अशा गोष्टी त्या नावामागे नोंदलेल्या असतात."

ते नाव 'एशिया/कोलकाता'. कड्याची वेळ कोलकात्याच्या नावावर, हे मला जरा झोंबलेच. मुंबईकरांनी १९०६ साली आलेली प्रमाणवेळ झिडकारून आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ १९५५पर्यंत धरून ठेवली, ती काय उगीच? प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर, कडा पंचाहत्तरच्या आसपास. अंशाला चार मिनिटे धरली तर अर्धा तास सहज. दुपारी अंगणात काठी रोवून पाहिली. घड्याळात साडेबारा उलटून गेले, तेव्हा कुठे सावली काठीच्या बुडाशी आली. कड्याचा खरा मध्यान्ह तो!

एव्हाना पोराने प्रोग्राम दुरुस्त केला होता आणि नाकारलेली नोंदही मंगळवारात बसवली होती. गुरुवारी पहाटे पाच-पाचला बाई हजर. पावती निघाली, तारीख गुरुवारची. त्यांनी तारखेकडे पाहिलेही नाही. लिटर पाहिले, फॅट पाहिली, मागचे साडेचार लिटर जमा झाल्याचे दोनदा विचारून घेतले, पावती कनवटीला खोचली आणि खुरपे उचलून त्या वाटेला लागल्या.