हरलेल्यांच्या यादीतले एक नाव

जून २०१६ मध्ये महंमद अली वारला, त्या आठवड्यात अण्णांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आम्हाला खाली काढायला लावली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शाळेत भूगोल शिकवीत. मुष्टियुद्धाशी त्यांचा संबंध वर्तमानपत्रापुरता. तरी १९८० साली अली भारतात येऊन गेला तेव्हापासूनची कात्रणे त्यांनी जपून ठेवली होती. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. अलीचे चरित्र कोणीही सांगो, १९६० च्या रोम ऑलिंपिकचा एक परिच्छेद त्यात असतोच : अठरा वर्षांचा कॅशियस क्ले, ८१ किलोंचा गट, चार लढती, सुवर्णपदक. ज्यांना हरवले त्यांची ओळख मात्र देशापुरती. एक बेल्जियन, एक रशियन, एक ऑस्ट्रेलियन, एक पोलिश. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही रीत अपरिचित नाही. नायकाच्या वाटेत येणाऱ्या माणसाला महाकाव्यातही एखादाच श्लोक मिळतो.

त्यातल्या ‘रशियना’चा आम्ही शोध घेऊ लागलो तो निव्वळ कुतूहलापोटी. त्याचे नाव गेन्नादी शात्कोव. जन्म १९३२, लेनिनग्राडचा. रोमला आला तेव्हा तो काही नवखा नव्हता. चार वर्षांपूर्वी मेलबर्नला त्याने ७५ किलोंच्या गटात सुवर्णपदक मिळवले होते. अंतिम लढतीत चिलीच्या रामोन तापियाला त्याने पहिल्याच फेरीत आडवे केले होते. १९५५ आणि १९५९ अशी दोनदा युरोपची अजिंक्यपदे त्याच्या नावावर होती. १९५२ च्या हेलसिंकीत सोव्हिएत संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरला तेव्हा मुष्टियुद्धात त्याला एकही सुवर्ण मिळाले नव्हते. मेलबर्नला एकदम तीन मिळाली. शात्कोवखेरीज दुसरा विजेता आर्मेनियाचा येंगिबार्यान आणि तिसरा साफ्रोनोव. हा साफ्रोनोव पेशाने चित्रकार होता, हे वाचून आम्ही थोडे थबकलो. ठोसे मारणारा हात आणि कुंचला धरणारा हात एकच, ही कल्पना आमच्या मनात सहज बसेना.

खरे तर ती न बसण्याचे कारण ‘हौशी’ या शब्दात आहे. हौशी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे राज्य नाट्यस्पर्धेतली मंडळी येतात : कचेरी सुटल्यावर तालमीला धावणारी, पदरमोड करून नेपथ्य उभे करणारी. ‘हौस’ हा शब्द आपल्याकडे अरबीतल्या ‘हवस’पासून आला, हिंदीत त्याची वासना झाली, मराठीने त्याला सोज्वळ करून लग्नाकार्यात बसवले. रशियन भाषेत हौशी खेळाडूला ‘ल्युबीतेल’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी प्रेम आहे. सोव्हिएत व्यवस्थेत धंदेवाईक खेळाला जागाच नव्हती, त्यामुळे तिथला प्रत्येक मुष्टियोद्धा कागदोपत्री प्रेमी ठरला. कोणी सैन्यातला अधिकारी, कोणी विद्यार्थी, कोणी शारीरिक शिक्षणाचा निदेशक. पगार तिथून आणि दिवस सरावात, हे अनेकांच्या बाबतीत उघड गुपित होते. ‘सरकारी हौशी’ म्हणून पश्चिमेकडचे लोक त्यांना हिणवीत, त्यातही तथ्य होते. आपल्याकडे जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात म्हणतात. सोव्हिएत खेळाडूला या तिन्हींत कुठे बसवावे हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

पण शात्कोवच्या बाबतीत हे हिणवणे लंगडे पडते, आणि म्हणूनच तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याची दुसरी नोकरी खरी होती. लेनिनग्राड विद्यापीठात तो कायदा शिकला, संशोधन करून त्याने ‘कान्दिदात’ ही पदवी मिळवली, तिथेच शिकवू लागला आणि पुढे प्र-कुलगुरूपदापर्यंत पोहोचला. प्र-कुलगुरू म्हणजे फायली, बैठका, परीक्षांची वेळापत्रके. हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना पाच पंचांपुढे उभे राहणे कदाचित सोपे वाटेल! गंमत बाजूला ठेवू. मुद्दा असा की त्याचे खरे साधन शब्द हे होते. व्याख्यान, युक्तिवाद, व्याख्या. मुष्टी हे त्याचे दुसरे साधन.

रोमला काय झाले ते थोडक्यात सांगता येते. त्याच्या नेहमीच्या ७५ किलोंच्या गटात संघाने फेओफानोवला उतरवले (त्याला कांस्यपदक मिळाले), आणि शात्कोवला वरच्या गटात पाठवले. दुसऱ्याच्या सोयीसाठी परक्या वजनात लढणारा अठ्ठावीस वर्षांचा कायदेपंडित उपांत्यपूर्व फेरीत त्या लुईव्हिलच्या पोरासमोर उभा राहिला. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या झाल्या. पाचही पंचांनी क्लेच्या बाजूने कौल दिला. शात्कोव तिन्ही फेऱ्या संपेपर्यंत उभा होता, एवढेच त्याच्या पदरात. त्यात अन्याय झाला असे आम्हाला म्हणायचे नाही. क्ले चांगलाच होता, आणि पुढे किती चांगला निघाला ते जगाने पाहिले.

त्यानंतर त्या दोघांच्या वाटा फुटल्या. एक जण बोलण्यानेच जग जिंकत सुटला. यमके जुळवणे, भाकिते करणे, प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी आधीच घायाळ करणे. अलीच्या वाणीवर वाङ्मयीन प्रबंध लिहायला हरकत नाही. दुसरा वर्गात शिकवीत राहिला. आणि १९६९ साली, अवघ्या सदतिशीत, त्या दुसऱ्याला मेंदूचा झटका आला. शरीर लुळे पडले, वाचा गेली.

सदतीस हा आकडा रशियन वाचकाला बिचकवणारा आहे, कारण पुश्किन त्याच वयात गेला. शात्कोवनंतर त्याच वजनगटात १९६४ च्या टोकियोत सुवर्णपदक जिंकणारा वालेरी पोपेन्चेन्को हाही त्याच वयाचा असताना, १९७५ साली, मॉस्कोच्या बाउमन तंत्रसंस्थेत जिन्यावरून पडून मेला. तोही शिकलेला, अभियंता. ठोशांचा आणि मेंदूच्या आजाराचा धागा थेट जोडून टाकण्याचा मोह अशा वेळी फार होतो. शात्कोवच्या बाबतीत तो आम्ही आवरतो. खेळ निर्दोष आहे असे मात्र यातून कोणी समजू नये.

हे सारे आम्ही वाचून ठेवले होते, आणि विसरलोही असतो. पण पुढच्या पावसाळ्यात अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर शब्द गेले. गेले म्हणजे सगळे गेले नाहीत, आणि हेच विचित्र होते. त्यांना पावकी-निमकी पाठ म्हणता येई, रामरक्षा अर्ध्यापर्यंत येई, पण तहान लागली तर ‘पाणी’ म्हणता येत नसे. ते ‘खिडकी’ म्हणत. चहाही खिडकी, चष्माही खिडकी, आम्हीही खिडकी. आयुष्यभर मुलांकडून नद्यांची नावे घोकून घेतलेला माणूस समोरच्या पेल्याचे नाव शोधताना घामाघूम होताना पाहणे सोपे नव्हते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची पत्ते दिली. रोज अर्धा तास. गाय, छत्री, कुलूप.

त्या अर्ध्या तासांत आम्हाला शात्कोव आठवत असे. ज्याला पुन्हा चालायला आणि बोलायला शिकावे लागले, आणि जो शिकला. ज्याने पुढे मुष्टियुद्धावर पुस्तके लिहिली. झटक्यानंतर तो चाळीस वर्षे जगला. जानेवारी २००९ मध्ये वारला. रोममधल्या नऊ मिनिटांपेक्षा ही चाळीस वर्षे मोठी, पण त्यांना पंच नव्हते आणि गुणपत्रिकाही नव्हती. अलीच्या चरित्रात ती येण्याचे कारणच नाही. आणि त्या चरित्रात काय येते? १९८४ साली पार्किन्सनचे निदान. हळूहळू पुसट, मग जवळजवळ अबोल होत गेलेला आवाज. १९९६ ला अटलांटात ज्योत पेटवताना थरथरणारा हात. रोमच्या रिंगणात समोरासमोर उभे असलेले ते दोघेही अशा रीतीने शब्दांना मुकले, एक आधी, एक नंतर. पहिल्याने ते बरेचसे परत मिळवले.

ही गोष्ट आम्ही अण्णांना सांगितली नाही. धीर देणाऱ्या गोष्टींचा आजाऱ्याला कंटाळा येतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळू लागले होते. मात्र एका दुपारी चित्रांची पत्ते बाजूला ठेवून ट्रंकेतले एक कात्रण त्यांच्या पुढ्यात धरले. अलीचा छाताडापर्यंतचा फोटो, तोंड उघडे, काहीतरी ओरडत असलेला. बोट ठेवून विचारले, “अण्णा, हे कोण?”

ते बराच वेळ पाहत राहिले. ओठ हलले, कपाळावरची शीर फुगली. मग म्हणाले, “खिडकी.” आणि मान हलवत स्वतःच हसले, कारण या वेळी शब्द चुकल्याचे त्यांना कळले होते.