माळ्याची जागा

नाद काही सांगून लागत नाही. कुणाला कबुतरांचा लागतो, कुणाला कुस्तीचा, कुणाला कोर्टकचेरीचा. कोल्हापूरकडे अशा नादांची लोकांना सवय आहे. कबुतरांपायी ज्यानं शेत घालवलं, त्याच्याबद्दलही पारावर थोडं कौतुकानंच बोललं जातं. माझा नाद मात्र चारचौघांत सांगायची पंचाईत. वयाची पंचेचाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, आणि हा गृहस्थ रात्रीचं जेवण झालं की दार लोटून संगणकावर तीस वर्षांपूर्वीचे बंदुकीचे खेळ खेळत बसतो! बरं, नुसता खेळून थांबत नाही. तेच खेळ उचकटतो आणि त्यांत आपलं काहीबाही घालत बसतो. हातकणंगल्यासारख्या गावात हे शोभतं का, असं घरची माणसं विचारत नाहीत. पण त्यांचे चेहरे विचारतात.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. यात खेळणारा स्वतः पडद्यावर दिसत नाही. दिसते ती त्याच्या हातातली बंदूक. पडदा हेच आपले डोळे. आपण बोळांतून चालतो, दारं उघडतो, आणि कोपऱ्याआड कोण दबा धरून बसलं असेल या धास्तीनं पुढं सरकतो. १९९२ साली या जातीचा 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी' गाजला, आणि १० डिसेंबर १९९३ रोजी त्याच मंडळींचा 'डूम' आला. मंडळी म्हणजे टेक्सासमधली इड सॉफ्टवेअर ही छोटी कंपनी. जॉन कार्मॅकनं त्याचं यंत्र लिहिलं, जॉन रोमेरोनं त्यातले चक्रव्यूह रचले. त्यांतले काही राक्षस म्हणे आधी मातीचे घडवले, मग सगळ्या बाजूंनी त्यांची छायाचित्रं घेऊन ते पडद्यावर उतरवले. हे वाचलं तेव्हा मला दिवाळीतल्या किल्ल्यावरचे कुंभाराकडचे मावळे आठवले, आणि परक्या मुलखातल्या त्या पोरांशी एकदम सलगी वाटली.

हे खेळ म्हणजे मारामारी आहे, हे मी नाकारत नाही. १९९९ साली अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी गोळीबार करून आपल्याच सोबत्यांचे जीव घेतले. त्यांतला एक डूम खेळत असे. इतकंच नव्हे, तर डूमचे नकाशेही रचत असे. तोच खेळ खेळून लाखो मुलं पुढं साधीसुधी संसारी माणसं झाली, हेही खरं; परंतु ती हकीकत समजल्यापासून या खेळाची बाजू मांडताना मी आवाज चढवत नाही.

मला यात गुंतवलं ते बंदुकीनं नव्हे. डूमची घडण मोठी उदार आहे. पिठाची गिरणी एक असते. तिच्यात तुम्ही गहू टाका की जोंधळा, ती दळून देते. कार्मॅकनं तसंच केलं. यंत्र एकीकडे ठेवलं, आणि भिंती, चित्रं, आवाज, राक्षस असं सगळं दळण 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाईलीत भरलं. साहजिकच लोकांनी आपापलं दळण आणायला सुरुवात केली. १९९४ सालीच हौशी मंडळींनी नकाशे रचण्याची साधनं तयार केली. पुढं डिसेंबर १९९७ मध्ये त्या यंत्राची मूळ लिखावटच कंपनीनं सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून हा खेळ कुणा एकाच्या हातात राहिला नाही. नवी यंत्रं आली, जुने संगणक भंगारात गेले, तरी दर वेळी कुणीतरी ती लिखावट घेऊन नव्या यंत्रावर चढवली. 'चॉकलेट डूम' नावाची एक आवृत्ती तर जुन्या खेळाच्या खोडीसुद्धा जशाच्या तशा जपते. आणि २०१९ साली खुद्द रोमेरोनंच 'सिगिल' नावाचे नवे नकाशे रचून आपल्या जुन्या खेळाला जोडले. आमच्या विशीत सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून आम्ही जो 'काउंटर-स्ट्राइक' खेळत असू, तोही १९९९ साली दोन हौशी तरुणांनी 'हाफ-लाइफ' नावाचा खेळ उचकटून केलेला होता. आम्हांला तेव्हा त्याचा पत्ता नव्हता.

हे मी एकदा आण्णांना सांगत होतो. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. उभा जन्म त्यांनी इचलकरंजीत जॉबर म्हणून काढला. म्हणजे बिघडलेला माग सुरू करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून त्या गावात अशा पाना घेतलेल्या माणसांची परंपरा आहे. कारखान्यानं कधीच टाकून दिलेला माग ही माणसं पिढीभर चालवून दाखवतात. माझं सगळं बोलणं आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"म्हंजी ह्ये खोलून बघाय येतंय म्हण की."

"येतंय, आण्णा."

"मग त्याला मरान न्हाई. जे खोलाय येत न्हाई त्ये बिघडलं की भंगारात."

माझ्या नादाचं इतकं थोडक्यात समर्थन मला स्वतःला कधी जमलं नव्हतं. २०२० साली आपल्या देशात 'पब्जी'वर बंदी आली. एस.टी.च्या थांब्यावर, कट्ट्यावर, जिकडं तिकडं पोरं तो खेळत होती. ऑक्टोबर संपता संपता कंपनीनं इथली सेवा बंद केली, आणि ज्यांच्या मोबाइलवर तो होता त्यांच्याही हातांत नुसती टरफलं उरली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण खेळाचा प्राण दूर कुठल्या तरी यंत्रात असला, की तो आपला नसतो. एवढं त्या पोरांना कळलं असेल.

एकदा साधनं हातांत आली की नवशिका माणूस पहिल्यांदा काय बांधतो, ठाऊक आहे? आपलं घर. डूमच्या हौशी मंडळींत हा थट्टेचाच विषय आहे. ज्याच्या त्याच्या पहिल्या नकाशात त्याचं स्वयंपाकघर असतं. मीही तेच केलं. फरक इतकाच की माझं घर आता जागेवर नाही. स्टेशनाकडं जाणाऱ्या वाटेवर आमचं पाच खणांचं घर होतं: सोपा, माजघर, देवघर, मागं परडं, आणि माजघरावर माळा. २०१६ साली वाटण्या झाल्या, घर उतरवलं, आणि तिथं सिमेंटची तीन घरं उभी राहिली. तिन्हींच्या मधून भिंती आल्या. आण्णा आणि धाकटे काका तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

डूममध्ये घर बांधणं म्हणजे आपल्या जुन्या सुतारांसारखं खणांत विचार करणं. जमिनीचा एकेक तुकडा आखायचा आणि त्याला आकडे द्यायचे: जमीन किती उंच, छत किती उंच, उजेड किती. उजेड शून्यापासून २५५ पर्यंत. माजघराला मी १४४ दिला होता. आण्णांनी पडद्याकडं पाहून मान हलवली. "एवढं लख्ख कुठलं आलंय? दिवसा चिमणी लागायची." मग १२८ केला, मग ११२, ९६ वर ते गप्प झाले. उंबऱ्याची उंची, ओट्याच्या पायऱ्या, न्हाणीचा उतार, असं एकेक आठवून सांगावं लागलं. ज्या घरात मी पंचवीस वर्षं राहिलो, त्याची इतकी विचारपूस त्या घरात असताना मी केली नव्हती.

घोडं अडलं ते देवघराशी. या खेळातला माणूस ५६ एकक उंच असतो. दहा एककांचा एक फूट धरून मी घर मापलं होतं. चोवीस एककांपर्यंतची पायरी तो सहज चढतो. परंतु त्याला वाकता येत नाही. मूळ डूममध्ये उडी नाही, वाकणं नाही, मान वर करून पाहणंही नाही. आमच्या देवघराचं दार साडेचार फुटांचं. लहानथोर सगळे मान लववूनच आत जात. हा बंदूकवाला तिथं जाऊन नुसता चौकटीला थटायचा. नाइलाजानं चौकट साठपर्यंत चढवली. घर बांधून झालं, पण त्या दारातून मी अजून अवघडूनच जातो. त्यात एकही राक्षस मी ठेवलेला नाही, आणि बंदूकही काढून टाकली आहे.

खरी अडचण पुढंच होती. मूळ डूममध्ये एका जागेला एकच जमीन आणि एकच छत. खोलीवर खोली चढत नाही. म्हणजे माजघर बांधलं की माळा नाही. आणि माळ्यावाचून ते घर आमचं कसलं? आण्णा आणि धाकटे काका पोरपणी तिथं एका घोंगड्यात झोपत. आण्णांचं लग्न झाल्यावर तीच त्यांची खोली झाली. हल्लीच्या काही आवृत्त्यांत खोलीवर खोली चढवता येते. पण मला जुन्या शिस्तीत राहायचं होतं. १९९८ साली हौशी मंडळींनी 'बूम' नावाची सुधारलेली आवृत्ती काढली होती. तिच्यात एक युक्ती आहे. जिन्यावरच्या एका रेषेवर पाय पडला, की माणूस आवाज न करता नकाशातल्या दुसऱ्या रेषेवर जातो. दोन्हीकडं जिन्याचा तोच तुकडा हुबेहूब बांधला, की चालणाऱ्याला कळतही नाही. माळा मग कुठंही असला तरी चालतं. मी तो घराच्या उजव्या अंगाला, रिकाम्या जागेत बांधला.

आण्णांना बाणांच्या कळा दाखवल्या. थरथरत्या बोटांनी ते सोप्यातून माजघरात आले, कोपऱ्यातल्या जिन्याला लागले, आणि नऊ पायऱ्या चढून माळ्यावर गेले. झरोक्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, कळ अडकली.

त्यांचं बोट चुकून टॅबच्या कळीवर पडलं आणि पडद्यावर नकाशा उघडला. वरून पाहिलेलं घर, नुसत्या रेषा. मागाचा आराखडा वाचलेल्या माणसाला नकाशा समजावून सांगावा लागत नाही. माळ्याच्या चौकोनावर बोट ठेवून ते म्हणाले,

"ह्यो हिकडं कुठं आला? ही तर धाकट्याची जागा."

मी तोवर ते पाहिलंच नव्हतं. घराच्या उजव्या अंगाची ती पट्टी वाटणीत धाकट्या काकांकडं गेली आहे. मी घाईघाईनं म्हणालो, "हलवतो, आण्णा. डावीकडं पण जागा आहे."

आण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असू दे तिथंच." आणि उठताना, दाराशी जाऊन, माझ्याकडं न बघता, "त्यालाबी एकदा दाखीव."

निरोप मी पोचवला आहे. फाईल अगदी लहान आहे, जुन्या काळच्या एका फ्लॉपीत मावेल इतकी. पण ती पाठवून देण्यापेक्षा काकांनी इथं येऊन पाहावी, असं मला वाटतं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तोवर मी परड्यातल्या आडाचं काम काढलं आहे. त्याचं पाणी किती खाली होतं, हे मात्र त्या दोघांनाच विचारावं लागेल.