मूडबिद्रीत दोन दिवस

दक्षिणेची यात्रा आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आली आहे. परंतु मूडबिद्रीच्या वाट्यास दीड तासापेक्षा अधिक वेळ कधी आला नाही. सकाळी कारकळच्या १४३२ सालच्या बाहुबलींची वंदना, दुपारी मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी, सायंकाळी वेणूर, आणि मग परतीचा रस्ता. दुकान बंद ठेवून निघालेल्या माणसाचे अर्धे चित्त गल्ल्यापाशीच असते, हे आपणां व्यापारी मंडळींस निराळे सांगावयास नको.

या वेळी आईच्या गुडघ्याने आम्हांस थांबविले. मंगळुरूपासून सुमारे ३५ किलोमीटरांवरच्या या लहानशा गावी दोन दिवस मुक्काम पडला आणि गाव प्रथमच दिसले. सुपारीच्या बागा, जांभ्याचे गडगे, उतरती कौले, आणि त्यांच्यामधून डोकावणाऱ्या अठरा बसद्या. १४३० साली उभ्या राहिलेल्या त्रिभुवनतिलक चूडामणी बसदीचे छप्परही पावसाच्या मानाने उतरतेच आहे. आपल्याकडील शिखरांची सवय असलेल्या डोळ्यांस ते प्रथम घरासारखे वाटते. आईने तेथे बसून एकसारखे दोन खांब शोधण्याचा चंग बांधला. दुपार सरली, पण तिला ते सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुबसदीत गेलो. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके याच गावाने जपली. लिपी जुनी कन्नड. दर्शन घेणारे अनेक, वाचणारे विरळा. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी तिच्या नकला व्हाव्यात म्हणून खटपट केली. दोघेही आपल्यासारखेच व्यापारी. ते काम वर्षानुवर्षे चालले, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड आपल्या अमरावतीहून छापून निघाला.

हे सारे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि आजोबांच्या चोपड्यांचे काय केलेस रे?"

मी गप्प राहिलो. गोदामाच्या रंगकामासाठी आजोबांच्या रोजमेळांचे दोन पेटारे रद्दीत देण्यास मीच सांगून आलो होतो. सारे मोडीत लिहिलेले. घरात कोणास वाचता येत नव्हते, हेच माझे कारण. बसदीच्या पायऱ्यांवरूनच मुलास फोन लावला. एक पेटारा आदल्या दिवशी गेला होता. दुसरा अद्याप ओट्यावर होता.

आपण गेलात तर पावसाळा सरल्यावर जा, आणि वेणूर त्याच दिवशी उरकू नका. फल्गुनी नदीकाठी १६०४ साली उभारलेली तेथील मूर्ती सकाळच्या उन्हात पाहावी.

आमच्या गल्लीतील एक निवृत्त गुरुजी मोडी जाणतात. आता दर रविवारी दुकान बंद झाले की ते येतात. आई भिंतीला टेकून बसते, मुलगा वहीत उतरवून घेतो. चार रविवारांत अकरा पाने झाली. बहुतेक गुळाचे भाव आहेत, आणि उधारी ठेवणाऱ्यांची नावे. त्यांतील दोन घराणी अजून आमच्याकडूनच माल नेतात.