फ्रीमाँटचा बिनइंजिनाचा पिकअप

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला फ्रीमाँट हे सव्वादोन लाख वस्तीचे शहर आहे. खरे तर ती पाच गावांची मोट. नाइल्स, सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही गावे १९५६ साली एकत्र आली. त्यातल्या नाइल्समध्ये चार्ली चॅप्लिनने १९१५ साली मूकपट केले. आता तिथल्या बागेत संध्याकाळी फिरायला गेले की पंजाबी, तेलुगू, कन्नड, मराठी सगळे कानावर पडते. आमचे जावई हुबळीचे. त्यामुळे घरात नातू मला ‘अज्जा’ म्हणतो आणि हिला ‘आजी’.

लेकीच्या घरापासून मोटारीने दहा मिनिटांवर एक अवाढव्य पांढरा कारखाना आहे. जनरल मोटर्सने तो साठच्या दशकात उभारला आणि १९८२ साली बंद केला. १९८४ पासून जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तो पुन्हा चालवला. १९९१ पासून तिथे टोयोटाचे पेट्रोल पिकअप बनू लागले. २०१० च्या एप्रिलमध्ये तिथून शेवटची गाडी बाहेर पडली आणि त्याच वर्षी टेस्लाने ती जागा घेतली. आज तिथे फक्त विजेच्या गाड्या बनतात.

लेकीचे शेजारी याच कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त आहेत. त्यांच्या दारात १९९२ चा टोयोटा पिकअप उभा असतो. तो तिथेच बनलेला. फरक एवढाच, की बॉनेट उघडले तर इंजिन नाही. कारखाना पेट्रोलवरून विजेवर गेला, पण त्यांचा पिकअप त्याच्याही आधी, २००६ साली गेला होता. मी उद्यमबागेत तीस वर्षे लेथवर काढलेली. त्यामुळे दोघांची लगेच गट्टी जमली.

इंजिन काढणे हे यातले सर्वांत सोपे काम. चेनपुली लावून इंजिन उचलायचे, सायलेन्सर, रेडिएटर आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. गिअरबॉक्स आणि क्लच मात्र तसेच ठेवायचे. त्यांना नऊ इंच व्यासाची, साधारण सत्तर किलोची डीसी मोटर जोडायची. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट येते. खरे कसब तिथे. मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत हवेत. केसभर फरक राहिला तरी बेअरिंग आणि क्लच खाल्ले जातात. ती प्लेट मी हाताने चाचपून पाहिली आणि उद्यमबागेतल्या चार-पाच पोरांची नावे मनात आली. हे काम त्यांना सहज जमेल.

इंजिन गेले की त्याच्यावर चालणारी इतर कामेही जातात. ब्रेकसाठी व्हॅक्यूम लागतो, म्हणून छोटा विजेचा पंप बसवावा लागतो. दिवे-हॉर्नसाठी बारा व्होल्ट वेगळे काढावे लागतात. ॲक्सिलरेटरची तार मोटरच्या कंट्रोलरला जोडावी लागते. आणि दीडशेच्या आसपास व्होल्टचा डीसी हा थट्टेचा विषय नव्हे. शेजारी कामाला लागण्याआधी घड्याळ आणि अंगठी काढून खिडकीत ठेवत.

मी होतो तेव्हा त्यांचे बॅटऱ्या बदलण्याचे काम चालू होते. मागचा हौदा त्यांनी बिजागऱ्यांवर बसवला आहे. डंपरसारखा उचलला की खाली चासीच्या दांड्यांमध्ये बॅटऱ्या दिसतात. पिकअपच का निवडतात, ते इथे कळते. चासी मजबूत, खाली जागा भरपूर, आणि गाडी मुळात वजन वाहण्यासाठीच बनलेली.

पण वजनाचा हिशेब कडक असतो. सुरुवातीला त्यांनी गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांतल्या सहा व्होल्टच्या वीस शिशाच्या बॅटऱ्या घातल्या होत्या. एकेक अठ्ठावीस किलोची, म्हणजे ५६० किलो. पिकअपची क्षमता सहा-सातशे किलोची. इंजिन आणि टाकी काढून थोडे वजन वाचले, पाठीमागे कमानीला जादा पाटाही घातला, तरी ओझे वाहणारी गाडी स्वतःचेच ओझे वाहू लागली. वर शिशाच्या बॅटरीतून जोराने करंट ओढला की कागदावरच्या ताकदीची जेमतेम निम्मी हाती लागते. चार्ज संपेपर्यंत पल्ला पन्नास-साठ किलोमीटर.

आता त्यांनी अपघातात निकामी झालेल्या निसान लीफ मोटारीतली लिथियम मॉड्यूल्स आणली. एकेक ३.८ किलोचे, अशी छत्तीस, म्हणजे सुमारे १३७ किलो. चारशेहून अधिक किलो एकदम कमी! पल्ला सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि हौद्यात पुन्हा माल ठेवता येतो.

काम झाल्यावर आम्ही नाइल्सच्या दरीतून सुनोलपर्यंत जाऊन आलो. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला जुनी रेल्वे. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच सुटली. इंजिनाचा आवाज नाही, फक्त टायरचा आणि गिअरबॉक्सचा. जावई मागे बसले होते. म्हणाले, “मामा, भाळ छलो अद!” उतारावर मात्र ब्रेक लागतोच. या जातीच्या मोटरला उतरताना वीज परत मिळवता येत नाही.

परतल्यावर पुतण्याने विचारले, “काका, आपला पिकअप असा करू या का?” त्याचा डिझेलचा, कर्ज फिटलेला, बॉडी धडधाकट. कॅलिफोर्नियात घरी बदललेली गाडी तपासून घेतली की नोंदणीत इंधनाच्या रकान्यात ‘इलेक्ट्रिक’ लिहून मिळते. आपल्याकडे २०१६ पासून नियमात सोय आहे, पण त्या मॉडेलसाठी चाचणी संस्थेने मंजूर केलेले किट हवे, ते अधिकृत ठिकाणी बसवायला हवे आणि आरटीओत आरसी बदलून घ्यायला हवी. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करण्याची गोष्ट नाही.

मी त्याला एक वही दिली. रोजचे किलोमीटर आणि रोजचे वजन महिनाभर लिहायला सांगितले. महिन्यातले वीस दिवस गाडी गावातच, चाळीस किलोमीटरच्या आत फिरते. उरलेले दिवस ओतीव माल घेऊन कोल्हापूरला जाते, एकेरी एकशेदहा किलोमीटर. त्या फेऱ्या दुसऱ्या कुणाला देता येतात का, हे पुतण्या आता विचारत फिरतो आहे. देता आल्या, तर आम्ही किटची चौकशी करू. नाही आल्या, तर डिझेलचे इंजिन आहे तिथेच राहील.