माघातले आभाळ



विदर्भ म्हटले की बाहेरच्या माणसाला फक्त ऊन आठवते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात थंडीही तेवढीच खरी, असे सांगितले तर तो हसतो. पण पौष-माघात वर्तमानपत्र उघडून पाहा. विदर्भातले सर्वांत कमी तापमान बरेच वेळा गोंदियाचेच असते. समुद्र लांब, आकाश मोकळे आणि वारा उत्तरेचा, कोरडा. दिवसभर मिळालेली ऊब जमीन रात्रीतून आभाळाला परत देऊन टाकते. त्यात सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतले जंगलालगतचे टोले म्हणजे विचारूच नका. पहाटे बैलांच्या नाकातून वाफ निघते आणि पंप सुरू करायला हात धजत नाही.

मी शेतकी पदवी घेऊन खात्यात लागलो तेव्हा गोंदिया जिल्हा झालेला नव्हता. तो १९९९ साली झाला; त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्यातच मोडत होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला सालेकशाकडची गावे मिळाली. त्यांत पहाडाच्या पायथ्याशी तीस-पस्तीस घरांचा एक टोला होता. पक्की सडक तीन कोस अलीकडेच संपायची. पुढे सायकल हातात धरून चालायचे.

माघ महिन्यातले तिथले दिवस मला आजही दिसतात. पहाटे घराघरापुढे शेकोटी. जमिनीवर धानाच्या तणशीचा जाड थर, त्यावर गोधडी, आणि त्यात बिलगून झोपलेली पोरे. न्याहारीला तांदळाची पेज. धान चुरून कणगीत गेलेले असायचे, म्हणून माणसे जराशी मोकळी. कुणी बांबूच्या टोपल्या विणी, कुणी कुंपण बांधी. दूरच्या गावात नाटक असले की बंडी जुंपून सारे जात आणि घोंगडी पांघरून उजाडेपर्यंत बसत. धान कापण्याआधी त्याच बांध्यांच्या ओलीवर फेकलेली लाखोरी आता पिवळी पडलेली असायची. ना नांगरणी, ना खत, ना पाणी. गरिबाची वर्षाची डाळ ती.

त्या टोल्यावर एका घरी मी नेहमी टेकत असे. म्हातारा-म्हातारी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. माघी पौर्णिमेला कचारगडची जत्रा भरते, हे आपण जाणताच. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातूनही गोंड बांधव तिथे येतात. या घरची मंडळी जायला निघाली होती. लाखोरी उपटून बांधीतच वाळत घातली होती.

सकाळी मी पोचलो तेव्हा आजी अंगणात उभी राहून आभाळाकडे पाहत होती. मला म्हणाली, "सायेब, आज आगीजवर बसावं वाटलं नाही जी. थंडी एकदम मोडली. वारा पूर्वेचा येऊन राहिला. लाखोरी खळ्यावर आणू का?"

मी शेंग हातात घेऊन फोडून पाहिली. दाणा अजून ओलसर होता. ओला माल रचला तर बुरशी धरते, हे मी पुस्तकात शिकलो होतो आणि ते खोटे नव्हते. मी म्हणालो, "आजी, अजून तीन-चार दिवस वाळू द्या. जत्रेहून आल्यावर आणा. हे काही पावसाचे दिवस नाहीत."

साहेबाने सांगितले म्हणून मंडळी निघून गेली. आजी एकटी घरी राहिली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आभाळ काळे झाले आणि बोराएवढ्या गारा पडल्या. त्यामागून रात्रभर पाऊस. तिसऱ्या दिवशी मी चिखलातून सायकल ओढत गेलो. बांधीत पाणी साचले होते. शेंगा फुटून दाणे चिखलात मिसळले होते. उरलेला पाला बैलांपुढे टाकण्यापलीकडे काही करण्यासारखे नव्हते.

म्हातारा जत्रेहून परतला होता. मला वाटले, चार शब्द सुनावेल. तो म्हणाला, "पाणी का तुम्ही आणलं जी? बसा, पेज घ्या." ती पेज मला गिळवली नाही. आजी मात्र स्पष्ट बोलली, "पुढच्या साली सांगाच्या आधी थोडं इचारत जा, सायेब."

नंतर कळले की माझे ऐकूनही तिचे मन राहिले नव्हते. गारांच्या आधी तिने एकटीने डोक्यावरून दोन भारे घरात आणून ठेवले होते. पुढच्या पेरणीचे बी तेवढेच उरले. वर्षाची डाळ गेली, दुकानदाराची उधारी तशीच राहिली. फाल्गुनात ते सारे घर पोराबाळांसह मोहफुले वेचायला अंधारातच रानात जाऊ लागले. माझ्या एका वाक्याची ती किंमत होती.

आजी बरोबर का होती, हे मी नंतर समजून घेतले. आभाळ मोकळे आणि वारा कोरडा असेल तर रात्री थंडी पडते. ढग आले की ते जमिनीची ऊब धरून ठेवतात आणि पहाट उबदार होते. आम्हाला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ. पूर्वेचा वारा सुटला की तो तिकडची वाफ घेऊन येतो. उत्तरेतून पश्चिमी झंझावात सरकत असेल, तर वरची थंड हवा आणि खालची ओली हवा यांची गाठ पडते आणि गारा होतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये साऱ्या महाराष्ट्राने ते सोसले. आजीला यातले काही ठाऊक नव्हते. पण शेकोटी नकोशी वाटली, एवढ्यावरून तिने ओळखले होते.

पृथ्वीच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या इनुइट लोकांविषयी मी वाचले आहे. तिकडे फेब्रुवारीत सूर्य पुन्हा दिसू लागतो, पण थंडी हटत नाही. शिकारीला जाणारा माणूस वारा आणि बर्फ पारखतो, मगच समुद्रावरच्या बर्फावर पाऊल ठेवतो. पाहुणा घाई करतो, घरचा माणूस थांबतो. मला आमची आजीच आठवली.

आज टोल्यापर्यंत डांबरी सडक आहे. हवामानाचा सल्ला देणारे 'मेघदूत' आणि विजेची सूचना देणारे 'दामिनी' मोबाइलवर मिळते. ते जरूर पाहा. पण रानात रेंज नसते, तेव्हा घरातल्या जाणत्या माणसालाही विचारा. माघ-फाल्गुनात थंडी अचानक मोडली आणि वारा पूर्वेचा झाला, तर उपटलेले पीक बांधीत ठेवू नका. ओलसर असले तरी खळ्यावर उंच लाकडांवर रचा, वर ताडपत्री टाका, आणि ऊन पडताच पुन्हा पसरा. बुरशीवर इलाज आहे, गारांवर नाही. थंडी कडक असेल तर उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांना सायंकाळी विहिरीचे पाणी द्या आणि सकाळी काढून टाका. रोपे पिवळी पडत नाहीत. मोहाखाली पाला जाळू नका. झाडून बाजूला करा आणि जुने लुगडे अंथरा. फुले स्वच्छ मिळतात, रान वाचते. विजा चमकू लागल्या तर झाडाखालून निघा. आणि लाखोरीची डाळ गरम पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून मगच शिजवा. रोजच्या जेवणात तीच एक डाळ ठेवू नका. पायांतले बळ जाते.

त्या दोन भाऱ्यांच्या बियाची लाखोरी पुढच्या वर्षी चांगली आली. माघात मी गेलो तेव्हा आजीने तिच्या डाळीचे वडे पानात वाढले. खाण्याआधी मी विचारले, "आजी, आज वारा कुठला आहे?"

ती म्हणाली, "उत्तरेचा. खा आता."

माझी निवृत्ती जवळ आली आहे. आजी आता नाही. पण शेतकऱ्याला काही सांगण्याआधी मी आजही त्याच्या अंगणात जरा वेळ थांबतो, आणि त्याचे काय म्हणणे आहे ते आधी ऐकतो.