स्वतःच्या मुळांवर उभ्या वेली

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड सोडून ईशान्येकडे सुमारे सत्तर किलोमीटर गेले की बरोसा खोरे लागते. तानुंदा गावाच्या आसपास द्राक्षमळे सुरू होतात आणि परवानगीवाचून आत पाऊल टाकू नये, असे बजावणारे फलकही दिसू लागतात. जुन्या मळ्यांत पाहुण्यांचे जोडे निर्जंतुक करून मगच त्यांना आत सोडण्याची पद्धत आहे, आणि या दक्षतेचे कारण जाणल्याखेरीज खोऱ्याचा इतिहास उलगडत नाही.

फायलोक्सेरा ही मुळांतील रस शोषून वेल मारणारी, माव्याच्या जातकुळीतील कीड होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने फ्रान्ससह युरोपातील बहुतेक मळे उजाड केले, तेव्हा तिला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करण्याचा उपाय पुढे आला. (महाराष्ट्रातील बागायतदारांच्या परिचयाचा डॉगरिज हा खुंटही मूळचा अमेरिकी, मात्र तेथे तो मुख्यतः क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई यांसाठी वापरला जातो.) 1877 मध्ये ही कीड व्हिक्टोरिया वसाहतीत जिलाँगजवळ सापडली; परंतु दक्षिण ऑस्ट्रेलियाने 1899 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि कीड आजवर सीमेबाहेर थोपवली. त्यामुळे युरोपात जवळजवळ नामशेष झालेली, बिनकलमी वेलींची पिढी बरोसात अद्याप फळ देते.

या वेली लावणाऱ्यांत प्रशियाच्या राजाने लादलेली उपासनापद्धती नाकारून सायलेशियातून आलेली लूथरपंथीय कुटुंबे अग्रभागी होती. त्यांनी 1842 मध्ये बेथनी आणि पाठोपाठ लँगमाइल ही गावे वसवली. लँगमाइलच्या ‘फ्रीडम’ मळ्यातील शिराझ या द्राक्षवाणाची वेल 1843 मध्ये लावलेली मानली जाते. येथे मांडव नाही, तारा नाहीत. माणसाच्या कमरेएवढे, पिळवटलेले खोड, उभ्या पट्ट्यांनी सुटणारी साल, कुठे आतून पोकळ झालेला बुंधा आणि त्यावर मोजकेच घड. खोड असे झिजले असूनही दर वसंतात त्याला नवी फूट येते, हे पाहताना लावणाऱ्यांविषयी आदर दाटून येतो.

कीड थोपवली, तरी बाजारभावाने मात्र या वेली जवळजवळ संपवल्या. 1980 च्या दशकात तांबड्या द्राक्षांना उठाव राहिला नाही, तेव्हा सरकारने वेली उपटण्यासाठी अनुदान दिले आणि शतकापूर्वीचे कित्येक मळे नांगराखाली गेले. पीटर लेमन यांच्यासारख्या वाइन उत्पादकांनी शेतकऱ्यांची द्राक्षे घेणे सुरू ठेवले, म्हणून काही मळे तगले. कायदा वेलीला किडीपासून वाचवू शकतो; पण कमी उत्पन्न देणारी वेल शेतात राहायची, तर तिच्या फळाला वाजवी दर देणारा जाणता ग्राहक लागतो.

हा ग्राहक घडवण्यासाठी बरोसाने 2009 मध्ये जुन्या वेलींची सनद स्वीकारली. तिच्यात पस्तीस, सत्तर, शंभर आणि सव्वाशे वर्षे अशा वयाच्या चार पायऱ्या असून शेवटच्या पायरीवरील वेलींना ‘अँसेस्टर’, म्हणजे पूर्वज, म्हणतात. वय हीच गुणवत्तेची हमी नव्हे, हे खरे. तरीही बाटलीवरील पायरी वाचून चाखणारा त्या वेलीच्या संगोपनाच्या खर्चाचा जाणता वाटेकरी होतो. वेली जपण्याची धडपड सनदेपुरतीच नाही. तानुंद्यातील एका जुन्या मळ्यावर घरबांधणीचे संकट आले, तेव्हा लँगमाइल वायनरीने तेथील वेली मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून नॉर्थ पॅरा नदीकाठी पुन्हा लावल्या. ‘ऑर्फन बँक’ या नावाने विकली जाणारी शिराझ वाइन त्यांच्याशी निगडित आहे.