खालचे तीनशे मीटर

या हिवाळ्यात उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. पेन धरताना कुणाच्या ध्यानात येत नाही. लेसरच्या आरशामागचा स्क्रू धरला की लपत नाही.

३५ वर्षं लायडरची, म्हणजे हवेत लेसर सोडून परतलेला प्रकाश टेलिस्कोपनं टिपणाऱ्या यंत्राची, अलाइनमेंट मी हातानंच केली. डोळा ऑसिलोस्कोपवर, बोटं स्क्रूवर. वरच्या हवेतून येणारा सिग्नल चढला की थांबायचं. पाहुणे बघायला आले की मुद्दाम जरा जास्त वेळ लावायचो.

यंत्राचं दुखणं आहे ते तळाच्या हवेचं. बीम आणि टेलिस्कोपची नजर शेजारून निघतात. पुरती एकमेकांत मिसळेपर्यंत, म्हणजे ओव्हरलॅप पूर्ण होईपर्यंत, आमच्या यंत्रात चार-पाचशे मीटर जातात. स्वच्छ रात्री ३५ किलोमीटरवरच्या हवेचं तापमान काढतो, आणि दिवाळीचा धूर साठतो तिथे अर्धा आंधळा. बाष्प मोजताना हे नडत नाही, असं मीच शिकवत आलो. ३५५ नॅनोमीटरचा प्रकाश सोडला की नायट्रोजन ३८७ वर उत्तर देतो, बाष्प ४०८ वर. टेलिस्कोप एकच, म्हणून दोघांच्या भागाकारात ओव्हरलॅप उडतो. कागदावर उडतो. जवळून आलेला प्रकाश फिल्टरवर तिरका पडतो, पीएमटी या प्रकाश मोजणाऱ्या नळीवर भलत्याच जागी पडतो, आणि थोडी लबाडी शिल्लक राहते.

त्याच लबाडीतून मी एकदा तळाशी कोरडा थर 'शोधला'. परिषदेत वाहवा झाली. फुग्याला बांधून सोडलेल्या रेडिओसाँडशी जमेना, तेव्हा म्हटलं, फुगा वाऱ्यानं वाहवला. सेकंदाला पाचेक मीटर चढणारा फुगा मिनिटभरात असा कितीसा वाहवणार? कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हल्ली ढगांची उंची मोजणाऱ्या सीलोमीटरचा डबा आणतात, ओव्हरलॅपची दुरुस्ती आतच दडलेली, चित्र रंगीत. मला राग येतो. त्यांचा तळ माझ्यापेक्षा बरा दिसतो, हेही त्या रागाचं एक कारण.

गेल्या महिन्यात नव्या विद्यार्थिनीनं टेलिस्कोपचं तोंड पुठ्ठ्यानं झाकून एकेक चतकोर उघडा ठेवला. लेसरच्या दोन अंगांच्या चतकोरांतले सिग्नल खालीही सारखे यायला हवेत.

"सर, डावा जास्त येतोय."

मी म्हटलं, पुठ्ठा सरकला असेल. तिनं निमूटपणे पुन्हा घेतलं. तेच आलं.

आता अलाइनमेंटसाठी आरशाला तिनं मोटर बसवली आहे. काल ती गेल्यावर मी मोटर बंद केली, स्क्रू केसभर फिरवला. वरचा सिग्नल चढला. पुठ्ठा कोपऱ्यातच उभा होता. मी तो उचलला नाही.